पार्श्वभूमी : शास्त्रज्ञ फक्त साक्षीपुरता का?

गुन्ह्याचा तपास आणि खटला कसा चालवायचा हे ठरवणारी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे सक्तीचे होणार आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. गोव्यात वेर्ण्याला प्रयोगशाळा आहे, फोंड्याजवळ कुर्टीला फॉरेन्सिक शिक्षणही मिळते. त्यामुळे माणसे पुरतील का, याचीच चर्चा होते. पण कोणत्या चाचणीवर किती भरवसा ठेवायचा, हे पर्वरीच्या सचिवालयात आणि दिल्लीत ठरते. तिथे शास्त्रज्ञाला खुर्ची आहे का, हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेत ती खुर्ची १९७३ मध्ये मिळाली. सात शास्त्रज्ञ आणि अभियंते वर्षभराच्या फेलोशिपवर संसदेतील कार्यालयांत काम करू लागले. पुढे ही फेलोशिप सरकारी खात्यांतही पोचली. गुन्हे तपासाच्या क्षेत्रात मात्र जाग उशिरा आली. डीएनए वगळता बहुतेक फॉरेन्सिक पद्धतींचा शास्त्रीय पाया नीट तपासलेलाच नाही, असे एका राष्ट्रीय अहवालाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितले. सूक्ष्मदर्शकाखाली केस जुळवून दिलेल्या साक्षींच्या फेरतपासणीत, पाहिलेल्या खटल्यांपैकी किमान ९० टक्के खटल्यांत चुकीची विधाने झाल्याचे २०१५ मध्ये एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपासयंत्रणेनेच मान्य केले. त्यांतल्या काही आरोपींना मृत्युदंडाची शिक्षा झाली होती.

आपल्याकडे हीच ठेच ब्रेन मॅपिंगने लागली. आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, डोळे मिटून गप्प बसवायचे आणि ‘मी विष विकत घेतले’ अशा धर्तीची वाक्ये एकामागून एक ऐकवायची. प्रसंग त्याने स्वतः अनुभवला आहे की नुसता ऐकला आहे, हे मेंदूतील विद्युतलहरींवरून संगणकाने सांगायचे. जून २००८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात अशा अहवालाचाही आधार घेऊन जन्मठेप सुनावली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने हे तंत्र अशास्त्रीय ठरवले. तोवर महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये यंत्रे बसून वापरही सुरू झाला होता. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंगला मनाई केली. या निकालात विश्वासार्हतेची चर्चा आहे, पण भर आहे तो राज्यघटनेने दिलेल्या हक्कांवर. आरोपीला संरक्षण मिळाले, हे मोठेच काम झाले. तरीही यंत्र विकत घेण्याआधी, फाईल फिरत असतानाच मेंदूशास्त्रज्ञाला का विचारले नाही, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला आणि माझ्या मते मूळ दोष तिथेच आहे.

कायद्याची घडणही त्याला कारण आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल त्याला न बोलावताही पुराव्यात वाचता येत असे. नव्या संहितेत तीच तरतूद कलम ३२९ मध्ये आली. गरज वाटल्यास न्यायालय त्याला बोलावू शकते. दोन्हीकडे शास्त्रज्ञाचा संबंध येतो तो गुन्हा घडून गेल्यानंतर.

गोव्यापुरते बोलायचे तर बुडून झालेल्या मृत्यूंचे उदाहरण घ्यावे. शवचिकित्सेत डायटम, म्हणजे पाण्यातील सिलिकाच्या कवचाचे सूक्ष्म शेवाळ, अस्थिमज्जेत शोधतात. सापडले, तर माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता असा तर्क करतात. पण न बुडालेल्यांच्या शरीरातही ते आढळले आहे, म्हणून या चाचणीवर जगभर वाद आहे. त्या जागच्या पाण्यात त्या ऋतूत कोणत्या जाती असतात, याची नोंद हाती नसेल तर अहवाल लंगडाच. मांडवी-झुआरीतील डायटमांवर दोनापावला येथील सागरविज्ञान संस्थेत वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे. ही संस्था १९६६ ची. तिथला एखादा अभ्यासक वर्षभर गृहखात्यात बसला, तर नमुना कुठून, किती आणि कोणत्या पाण्यासोबत घ्यायचा याचे नियम पोलिसांच्या हाती पडतील.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या नावाची फेलोशिप सुरू झाली, पण ती तरुण पदवीधरांसाठी. संशोधकाला त्याची प्रयोगशाळेतली जागा राखून सरकारात पाठवायचे, तर सेवाशर्ती बदलाव्या लागतील आणि पगार कोणी द्यायचा हेही ठरवावे लागेल. कलम १७६(३) ची मुदत २०२९ च्या मध्यावर संपते.