क्वाड आणि ऑकस: एकाच शिक्क्याखालच्या दोन वेगळ्या गोष्टी

सप्टेंबर २०२१ मध्ये नऊ दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. १५ तारखेला अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने ‘ऑकस’ची घोषणा केली. २४ तारखेला भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियाचे नेते ‘क्वाड’ म्हणून वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा समोरासमोर बसले. तेव्हापासून दोन्हींची जी सरमिसळ सुरू झाली ती थांबलेली नाही. आशियातली लोकशाही वाचवणारी समविचारी देशांची आघाडी, असा एकच शिक्का दोघांवरही बसतो. भारत ऑकसमध्ये आहे असं समजणारेही भेटतात. भारत त्यात नाही. खरं तर आशियातला एकही देश त्यात नाही.

ऑकस हा मुळात पाणबुड्यांचा व्यवहार आहे. त्याचं महत्त्व कळायला आधी आपल्या नौदलाकडे पाहा: माझगाव डॉकमध्ये फ्रेंच आराखड्यावर बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या डिझेल-इलेक्ट्रिक आहेत. बॅटऱ्या चार्ज करायला त्यांना हवेसाठी अधूनमधून वर यावं लागतं, आणि पाणबुडी सापडण्याचा धोका तेव्हाच सर्वांत जास्त. अणुऊर्जेवर चालणारी पाणबुडी खलाशांचं अन्न पुरेल तोवर खालीच राहू शकते. ऑस्ट्रेलियाला हवी आहे ती ही क्षमता, अण्वस्त्रं नव्हेत. मार्च २०२३ मध्ये ठरलं, की २०३० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिका त्यांना तीन पाणबुड्या विकेल आणि पुढे ब्रिटनसोबत नव्या बांधल्या जातील. खर्चाचा अंदाज तीन दशकांत ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जातो. यासाठी ऑस्ट्रेलियाने फ्रान्सबरोबरचा १२ पाणबुड्यांचा करार मोडला. संतापलेल्या फ्रान्सने वॉशिंग्टन आणि कॅनबेरातून आपले राजदूत परत बोलावले. फ्रान्सही लोकशाहीच आहे, हे इथे विसरून चालणार नाही.

क्वाडचं मूळ शस्त्रांत नाही, त्सुनामीत आहे. २६ डिसेंबर २००४ नंतर मदतकार्यासाठी हे चार देश एकत्र आले आणि काही दिवसांत तो गट विसर्जितही झाला. २००७ मध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे भारतीय संसदेत दोन सागरांच्या संगमाबद्दल बोलले. ती कल्पना त्यांनी मुघल राजपुत्र दारा शुकोहच्या ग्रंथाच्या नावावरून घेतली होती. त्याच वर्षी चौघांची पहिली बैठक झाली, पण लवकरच सगळं थंडावलं, ते थेट २०१७ पर्यंत. क्वाडला आजही ना तह आहे, ना सचिवालय. ‘मलबार’ नौदल सरावात हेच चार देश असतात, पण तो सराव क्वाडचा नाही. आणि ‘एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला’ हे नाटोचं कलम क्वाडमध्येही नाही, ऑकसमध्येही नाही.

मग क्वाड करतं काय? २०२२ मध्ये टोकियोत ठरलेली सागरी निगराणीची योजना मला सगळ्यांत मोलाची वाटते. मोठी जहाजं आपलं नाव, ठिकाण आणि दिशा सतत प्रसारित करत असतात. चोरून मासेमारी करणारं जहाज ते यंत्र बंद करतं. पण त्याचे रेडिओ संकेत उपग्रह टिपू शकतात, आणि ती माहिती स्वतःचे उपग्रह नसलेल्या छोट्या देशांपर्यंत पोचवायची, असं हे काम आहे. आपल्या समुद्रात कोण शिरलंय हे ज्या सरकारला दिसतं, त्याला दमदाटी करणं कठीण जातं. लोकशाहीला असा आधार पाणबुडीपेक्षा लवकर पोचतो, असं माझं मत आहे.

पण खुद्द लोकशाहीच उलथवली जाते तेव्हा? १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली. १२ मार्चला क्वाडच्या नेत्यांनी तिथे लोकशाही तातडीने परत आणण्याची गरज संयुक्त निवेदनात मांडली. १८ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला, तेव्हा अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया बाजूच्या ११९ मतांत होते. भारत ३६ तटस्थांत. म्यानमारशी १,६४३ किलोमीटरची सीमा असलेल्या देशाची अडचण मला कळते. तरीही ते तटस्थ राहणं मला खटकतं. त्या सीमेवरून म्यानमारमधल्या चिन जमातीचे हजारो लोक मिझोराममध्ये आले, आणि त्यांना आसरा दिला तो गावकऱ्यांनी, चर्चनी आणि यंग मिझो असोसिएशनने.