अंगावरून वारं गेलं म्हणजे मेंदूत काय झालं?

सकाळी साडेसातला मामाच्या हातून चहाची बशी सुटली. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा ओघळून शर्टावर आला आणि बोलायला गेला तर जीभ जड, शब्दच फुटेना. मामीला वाटलं थकवा असेल, पडू द्या जरा, मग कुणी तेल लावून हात चोळला, कुणी म्हणालं अंगावरून वारं गेलंय, आणि असं करता करता हॉस्पिटल गाठेपर्यंत दीड वाजला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं?

सगळी ट्रीटमेंट या वेळेवर ठरते. अंगावरून वारं जाणं म्हणजे स्ट्रोक, आणि त्याच्या बहुतेक पेशंटमध्ये मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते, बाकीच्यांत ती फुटलेली असते. मोठी वाहिनी बंद झाली की मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात. मामाची डाव्या बाजूची बंद झाली म्हणून उजवा हात गेला आणि बोलणंही, कारण बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते.

गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज हे इंजेक्शन चालतं हे 1995 मध्ये अमेरिकेतल्या ट्रायलने दाखवलं. वजनावरून डोस ठरतो, दहावा भाग लगेच आणि उरलेला तासाभरात सलाईनसारखा जातो, पण हे सगळं झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत व्हायला हवं. आधी सीटी स्कॅन लागतोच कारण आत रक्तस्राव असेल तर हेच औषध जिवावर बेतेल, आणि म्हणूनच घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका हो, पाणीसुद्धा पाजू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. मोठी गुठळी असेल तर जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन ती ओढून काढतात. ते सहा तासांत, आणि स्कॅनमध्ये वाचवण्यासारखा भाग दिसला तर काही पेशंटमध्ये 24 तासांपर्यंतही करतात. झोपेत झालं असेल तर पेशंट झोपायला गेला तेव्हापासून वेळ मोजतात.

मामाची बीपीची गोळी बंद होती, बरं वाटतंय मग कशाला म्हणून. बीपी हे स्ट्रोकचं सगळ्यात मोठं कारण आहे आणि ते दुखत नाही, खुपत नाही, हाच त्याचा वाईटपणा. शुगर, तंबाखू (मिश्रीही त्यातच आली) आणि कोलेस्टेरॉल आहेतच. शिवाय हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर हृदयातच गुठळी होऊन मेंदूत जाते, म्हणून ईसीजी काढतात.

नंतर मामी म्हणाली, पंधरा दिवसांपूर्वी जेवताना त्यांच्या हातातला घास पडला होता, दहा मिनिटं हात बधिर होता आणि मग आपोआप नीट झाला. अशा थोड्या वेळात आपोआप ओसरणाऱ्या झटक्याला टीआयए म्हणतात. तेव्हाही त्याच दिवशी हॉस्पिटलला जायचं असतं, कारण खरा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. मामाला पंधरा दिवस मिळाले होते.