लान्रेआदरचे चर्च आणि वेल्श बायबल

वेल्समध्ये बर्विन डोंगरांच्या कुशीत लान्रेआदर-अम-मोख्नांत नावाचे एक छोटे खेडे आहे. ‘लान’ म्हणजे चर्चचे आवार, ‘रेआदर’ म्हणजे धबधबा, आणि मोख्नांत हे त्या खोऱ्याचे जुने नाव. सुमारे 240 फूट उंचीचा पिस्टिल रेआदर हा धबधबा गावापासून जवळच आहे. संत डॉगवन यांच्या नावाच्या इथल्या चर्चमध्ये 1578 साली विल्यम मॉर्गन विकर, म्हणजे तिथले धर्मगुरू, म्हणून आले आणि हे आडवळणाचे गाव वेल्श भाषेच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले.

त्याआधी, 1536 च्या कायद्याने वेल्समधील न्यायालयांचा कारभार इंग्रजीतून चालू लागला होता. पुढे 1563 मध्ये इंग्लंडच्या संसदेने बायबल आणि प्रार्थनापुस्तक वेल्शमध्ये आणण्याचा आदेश दिला. मात्र प्रत्येक चर्चमध्ये त्यांच्याशेजारी इंग्रजी प्रतही ठेवावी, म्हणजे दोन्ही ताडून पाहत लोक इंग्रजी शिकतील, अशी त्यामागची अपेक्षा होती. 1567 मध्ये बायबलचा ‘नवा करार’ हा उत्तरभाग वेल्शमध्ये निघाला, पण त्यातला मोठा भाग करणाऱ्या विल्यम सॉल्झबरी यांनी शब्दांचे मूळ दाखवण्यासाठी लॅटिन वळणाचे लेखन स्वीकारल्याने तो मोठ्याने वाचणे अवघड जाई.

केंब्रिजमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकलेल्या मॉर्गन यांनी ‘जुना करार’ मूळ भाषेतून वेल्शमध्ये आणला आणि ‘नवा करार’ सुधारून घेतला. हे काम चालू असताना गावातील काही रहिवाशांशी त्यांचे कडवे वाद आणि खटलेही चालू होते, हे लक्षात घेतले की त्यांच्या चिकाटीचे मोल अधिक कळते. छपाईच्या वेळी, लंडनच्या जुळाऱ्यांना (छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांना) वेल्श येत नसल्याने, ते वर्षभर तिथेच राहून मुद्रिते तपासत होते. अखेर 1588 मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले.

मॉर्गन यांनी वेल्श कवींच्या परंपरेतील भारदस्त भाषा वापरली, आणि रविवारी चर्चमध्ये तीच ऐकत गेल्याने निरनिराळ्या बोली बोलणाऱ्यांना एक समान प्रमाणभाषा मिळाली. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये त्या काळी कॉर्निश भाषेत बायबल छापले गेले नाही, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती भाषा बोलण्यातून जवळपास नाहीशी झाली. यामागे इतरही कारणे होती, तरी हा फरक मला फार मोठा वाटतो. मॉर्गन 1595 मध्ये लॅन्डाफचे बिशप झाले. 1620 ची सुधारित आवृत्ती त्यांच्याच भाषांतरावर उभी होती, आणि 1988 मध्ये नवे भाषांतर येईपर्यंत वेल्श चर्चमधून मुख्यतः तीच वाचली जात होती.