कॅथेटरची जागा कोरडी आहे, मग ताप कशाचा?

"ड्रेसिंग काढून बघितलं, जागा एकदम छान आहे. लाली नाही, पू नाही. म्हणजे ताप कॅथेटरचा नाही, दुसरं काहीतरी असणार." डायलिसिस युनिटमध्ये हे पेशंटच्या घरचे म्हणतात, वॉर्डातून फोन करणारे म्हणतात, आणि ज्यांनी अजिबात म्हणू नये असेही काही जण म्हणतात. ऐकून कान किटले आहेत. कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी, कातडीतून जिथे बाहेर येतो त्या जागेचं इन्फेक्शन आणि कॅथेटरमधून रक्तात गेलेलं इन्फेक्शन, या दोघांची वाट वेगळी, लक्षणं वेगळी आणि टाळायची रीतही वेगळी.

पहिलं सगळ्यांना ओळखता येतं, म्हणून त्यावर फार बोलत नाही. नळीभोवती लाल होतं, दुखतं, खपली धरते, पू येतो. पू तपासायला पाठवतात, ड्रेसिंग आणि औषध सुरू होतं आणि बहुतेक वेळा नळी वाचते. मात्र दुखणं आणि लाली जागेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे, कातडीखालच्या नळीच्या रेषेत वर चढत असेल, तर तो बोगद्याचा संसर्ग. तिथे ड्रेसिंगवर भागत नाही, नळी सहसा काढावीच लागते.

आता खरा घोळ. परमकॅथला, म्हणजे कातडीखालच्या बोगद्यातून नेलेल्या जास्त काळाच्या कॅथेटरला, कातडीखाली पॉलिएस्टरचा एक छोटा कफ, म्हणजे नळीभोवतीचा पट्टा असतो. काही आठवड्यांत त्यात मांस भरतं आणि नळीच्या बाहेरच्या अंगाने आत सरकणाऱ्या जंतूंची वाट बंद होते. (तात्पुरत्या कॅथेटरला बोगदाही नाही आणि कफही नाही. म्हणूनच तो दोन आठवड्यांच्या वर ठेवू नये असं सांगतात आणि म्हणूनच "चालतोय ना, राहू द्या अजून" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.) पण कफ अडवतो फक्त बाहेरची वाट. आतली वाट लाल आणि निळ्या टोपणांखाली असते आणि ती आपणच दर खेपेला उघडतो.

टोपण काढलं की नळीचं तोंड उघडं. हातावरचे, कातडीवरचे, नाकातोंडातून आलेले जंतू तिथून आत जातात, नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. बाहेरून काही दिसायचा प्रश्नच नाही, कारण बाहेर काही झालेलंच नसतं. पेशंट घरी ठीक असतो, जेवतो, झोपतो. मग युनिटमध्ये येतो, मशीन सुरू होतं, मिनिटाला तीनशे मिलिलिटरच्या आसपास रक्त त्याच नळीतून धावायला लागतं आणि भिंतीवरचे जंतू सुटून थेट हृदयाशी पोचतात. थोड्याच वेळात हुडहुडी भरते, दात वाजतात, दोन चादरी घातल्या तरी थंडी जात नाही.

ही वेळ नीट लक्षात ठेवा. डायलिसिस सुरू झाल्यावर थंडी वाजून ताप आणि कॅथेटरवर असलेला पेशंट, एवढं जुळलं की दुसरं कारण पक्कं सिद्ध होईपर्यंत संशय नळीवरच घ्यायचा, जागा आरशासारखी लख्ख असली तरी. एकाच पाळीत चार पेशंटना एकदम थंडी वाजली तर मशीनच्या पाण्याकडे बघायचं, ती गोष्ट वेगळी. वयस्कर पेशंटला तर कधी कधी तापही येत नाही. नुसतं बीपी पडतं, उलटी होते किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागतो.

आणि मग होतं काय? पॅरासिटामॉल देतात, ताप उतरतो, पेशंट घरी जातो. पुढच्या डायलिसिसला पुन्हा तेच. तोवर कुणीतरी अँटिबायोटिकची गोळी चालू केलेली असते. माझा सगळ्यात जास्त राग या गोळीवर आहे. आधी रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घ्यायचं, मग अँटिबायोटिक. हा क्रम उलटला की कल्चरमध्ये बऱ्याचदा काही उगवत नाही, आणि नेमका कोणता जंतू आहे हे न कळताच उपचार करत बसावं लागतं. शिवाय बायोफिल्मच्या आतल्या जंतूंपर्यंत औषध पुरेसं पोचत नाही. म्हणून बऱ्याचदा शिरेतून औषध देऊनही नळी बदलावी किंवा काढावी लागते, आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला तर काढण्याकडेच कल असतो. हा जंतू रक्तातून हृदयाच्या झडपांवर जातो, मणक्यात जाऊन बसतो. डायलिसिसच्या पेशंटची पाठ ताप येऊन गेल्यावर नव्याने दुखायला लागली, तर "वयोमानाने" म्हणून सोडून देऊ नका.

आता टाळायचं कसं. जागेसाठी काय करायचं ते घराघरात पाठ झालेलं असतं: जागा ओली होऊ द्यायची नाही, ड्रेसिंग सुटलं किंवा भिजलं तर लगेच बदलून घ्यायचं, बदलताना अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडिनने पुसून वाळू द्यायचं. छानच आहे. पण सगळी काळजी ड्रेसिंगवर खर्च होते आणि टोपणाकडे कुणी बघत नाही. हिशोब करा. एका डायलिसिसला दोन तोंडं सुरुवातीला उघडतात, दोन शेवटी. आठवड्याला तीन डायलिसिस धरली तर वर्षाला सहाशेच्या वर वेळा ती वाट उघडते.

ती उघडायची कशी, ते जवळून बघा. पेशंट आणि सिस्टर दोघांच्या तोंडाला मास्क. हात धुऊन हातमोजे. क्लॅम्प (नळी दाबून बंद करणारा चिमटा) बंद आहे ना, हे आधी बघायचं. टोपण काढलं की नवा अँटिसेप्टिक पॅड घेऊन तोंडाचा काठ आणि आट्या दहा ते पंधरा सेकंद घासायच्या, आट्यांत अडकलेलं वाळकं रक्त निघेपर्यंत. दुसऱ्या तोंडाला दुसरा पॅड. मग वाळू द्यायचं, कारण ओलं असतानाच जोडलं तर घासलेलं निम्मं वाया जातं. नळी हातातून सोडायची नाही, उघडी तर गरजेपेक्षा क्षणभरही जास्त ठेवायची नाही. पॅड नुसता टेकवून "झालं" म्हणणारे हात मी रोज बघते. पुसणं वेगळं आणि घासणं वेगळं.

डायलिसिसनंतर नळीत हेपरिन भरून ठेवतात, त्यामुळे ती सुरक्षित झाली असाही समज आहे. हेपरिन रक्त गोठू देत नाही, जंतू मारणं हे त्याचं काम नाही. जंतूंविरुद्धची लॉक-औषधं (दोन डायलिसिसच्या मधे नळीत भरून ठेवायची) वेगळी असतात. टॉरोलिडिन-हेपरिनच्या अशाच एका लॉकला अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) 2023 मध्ये मान्यता दिली.

अजून एक. दुसऱ्या कुठल्या कारणाने पेशंट अॅडमिट होतो, हाताला शीर सापडत नाही आणि कुणीतरी म्हणतं, "ही एवढी मोठी लाइन आहेच की, यातूनच सलाईन लावू." जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. एरवी स्पष्ट नाही म्हणायचं, नातेवाइकांनीसुद्धा. ती नळी फक्त डायलिसिसची आणि ती उघडणार डायलिसिसचीच माणसं. फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हाताची रोहिणी आणि शीर जोडून केलेली वाट) तयार करायला घेतला असेल तर तो वापरण्याजोगा झाल्यावर नळी लवकर काढून घ्या. "राहू दे, सुया टोचत नाहीत" म्हणून ती महिनोन्महिने ठेवण्यात काही शहाणपण नाही.

घरी टोपण गळून पडलं तर आधी क्लॅम्प घट्ट बंद आहे का बघा, पडलेलं टोपण उचलून परत लावू नका, आणि पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच युनिट गाठा.