कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभागी व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि संमतीपत्र

क्लिनिकल ट्रायल म्हणजे एखादा उपचार किती उपयोगी आणि सुरक्षित आहे हे रुग्णांच्या सहभागातून तपासणारा अभ्यास. त्यासाठी कुठलाही सरकारी अर्ज नसतो आणि प्रवेश फी तर नसतेच. 'नाव लावून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. वाट एकच, ती म्हणजे उपचार करणारे ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरतज्ज्ञ. मात्र त्यांना विचारण्याआधी आपणही शोध घेऊ शकतो. भारतातल्या ट्रायल्सची नोंद आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या नोंदवहीत होते आणि ती वेबसाइटवर कुणालाही पाहता येते. आजाराचं नाव टाकलं की ट्रायल कुठल्या रुग्णालयात आहे, भरती सुरू आहे का आणि संपर्क कुणाशी करायचा हे कळतं. सीटीआरआय क्रमांक नसलेल्या ट्रायलमध्ये जाऊ नका.

'आमच्या माणसावर प्रयोग करणार का?' हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्तच आहे. त्याला उत्तर म्हणून एक उदाहरण देते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोकं-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरवर ट्रायल झाली. नेहमीच्या कमी खर्चाच्या गोळ्यांसोबत काही रुग्णांना निवोलुमॅब हे महागडं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम दिलं. एरवीचा डोस दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम असतो. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटात सुमारे 16 टक्के होतं, तर औषध जोडलेल्या गटात 43 टक्के. 2022 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्या रुग्णांना परवडेल असा उपचार आपल्याच रुग्णांच्या सहभागातून सापडला. कोण कुठल्या गटात जाणार हे संगणक ठरवतो, डॉक्टरांना निवड करता येत नाही.

पात्रता

प्रत्येक ट्रायलचे निकष वेगळे असतात. बायोप्सीने सिद्ध झालेलं निदान, ठरावीक स्टेज आणि आधी किती केमो झाली हे बहुतेक ठिकाणी पाहतात. रुग्ण स्वतः हिंडतो-फिरतो का, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती, हेही तपासतात. या पात्रता तपासणीत, म्हणजे स्क्रीनिंगमध्ये, नाव गळलं तरी नेहमीचा उपचार थांबत नाही.

कागदपत्रं

बायोप्सीचा रिपोर्ट सगळे आणतात, पण ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड्स (त्याचे काचपट्टीवरचे पातळ काप) विसरतात आणि तिथेच आठवडा जातो. ज्या लॅबमध्ये बायोप्सी झाली तिथे लेखी मागणी करून त्या घ्या. सीटी किंवा पेट स्कॅनची सीडी, डिस्चार्ज कार्डं, केमोच्या औषधांची नावं-डोस-तारखा, रेडिएशनचा सारांश आणि आधार कार्डही लागतं. चालू औषधांच्या यादीत आयुर्वेदिक काढेसुद्धा लिहा, लपवू नका.

संमतीपत्र

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी नेऊन वाचा आणि शंका लिहून आणा. कोणत्या तपासण्या मोफत, प्रवासखर्च मिळणार का, हे त्यातच असतं. रुग्णाला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर सगळं समजावून सांगावं लागतं. फॉर्ममध्ये शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव-पत्ता विचारतात. नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई त्याच नावावर मिळते. सही झाली की एक प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

क्लिनिकल ट्रायल्सबद्दलच्या केंद्र सरकारच्या 2019 च्या नियमांनुसार ट्रायलमध्ये इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत करावे लागतात. गंभीर घटना घडली तर डॉक्टरांनी 24 तासांत केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणा, प्रायोजक (ट्रायल चालवणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला (सहभागी रुग्णांच्या हिताकडे लक्ष ठेवणारी समिती) कळवायचं असतं. त्या कमिटीत किमान सात जण असतात. त्यात सामान्य नागरिक, कायदेतज्ज्ञ आणि महिला हव्यातच. तक्रारीसाठी त्यांचा फोन नंबर माहितीपत्रकात असतो.

कुठल्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडता येतं. ताप, जुलाब, पुरळ असं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ट्रायलच्या कोऑर्डिनेटरला (रुग्णांशी संपर्क ठेवणारी व्यक्ती) त्याच दिवशी फोन करा. फोन नंबर किंवा पत्ता बदलला तरी कळवा, कारण उपचार संपल्यावरही फॉलोअप सुरू राहतो.