जुन्या ३१५ रायफलीचे सुटे भाग : पार्श्वभूमी

पाटण-जावळीकडे किंवा शिराळ्यात ज्या घरांत आजोबांची रायफल अजून परवान्यावर आहे, तिथली अडचण बहुधा एकच. नळी ठणठणीत, अक्रोडाचा दस्ता तेल लावून जपलेला. पण बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत सारणाऱ्या दांड्याच्या, तोंडाशी असलेला, पुंगळी बाहेर ओढणारा इवलासा एक्स्ट्रॅक्टर झिजलेला. बार उडतो, रिकामी पुंगळी आतच अडकते.

लष्कराचं ३०३ काडतूस इंग्रजांनी नागरिकांना बंद केलं, म्हणून बर्मिंगहॅमहून ली-एन्फिल्ड या लष्करी रायफलीच्याच ठेवणीच्या, पण ०.३१५ इंची नळीच्या ३१५ रायफली आल्या. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातही ३१५ बनू लागली. तरी तिचा भाग जुन्या रायफलीत सरळ बसेलच असं नाही, कारागिराला तो घासून बसवावा लागतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली. कोयना-चांदोलीचं रान पाहता ते योग्यच झालं. ऐंशीच्या दशकात आयातही आवळली गेली.

खरा गुंता आहे तो ‘भाग’ या शब्दाचा. १९५९च्या शस्त्र कायद्याने शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भागही घातले. म्हणजे नळी हे शस्त्र, तसा एक्स्ट्रॅक्टरही शस्त्रच. त्याच कायद्याचं कलम ४५ किरकोळ भागांना सूट देतं, पण ते जोडीच्या इतर भागांबरोबर वापरायचे नसतील तरच. ज्याच्याकडे रायफल आहे आणि जो भाग बसवायलाच घेतोय, तो नेमका या सुटीबाहेर पडतो. रायफलीच्या परवान्यात तिचा बदली भाग आपसूक येतो, असं काही विक्रेते मानतात. काही जण लेखी परवानगीशिवाय स्प्रिंगसुद्धा काढून देत नाहीत. ‘किरकोळ’ म्हणजे काय, हे कायद्याने कुठंच सांगितलेलं नाही. एवढी एक ओळ घातली असती तर सरळ मार्गाने जाणाऱ्या परवानाधारकाचे हेलपाटे वाचले असते. दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो, त्यामुळे गावातल्या कुशल लोहाराकडे जाता येत नाही. १९६२च्या नियमांच्या जागी २०१६चे नियम आले, तरी मूळ व्याख्या तीच राहिली.

त्यात २०१९ची दुरुस्ती आली. १९८३पासून एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत, त्या दोनवर आल्या आणि जादाची वर्षभरात जमा करायची झाली. काही घरांत ही तिसरी म्हणजे वापरात नसलेली, त्याच बनावटीची ३१५ होती. चालत्या रायफलीला लागणारा एक्स्ट्रॅक्टर तिच्याच बोल्टमध्ये होता.