लीजची गाडी: ‘मेंटेनन्स आमच्याकडे’ म्हणजे नक्की कुणाकडे?

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे बेळगावात टिळकवाडीला कागद करून घ्यायला येणाऱ्यांत लीजच्या, म्हणजे कंपनीकडून महिन्याच्या भाड्यानं घेतलेल्या गाडीवाले वाढलेत. गाडी घ्यायच्या आधी कुणी येत नाही, दुरुस्तीच्या खर्चाचा क्लेम कंपनीनं नाकारला की मग येतात. आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “अहो, तो कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता की मेंटेनन्स सगळं आमच्याकडे.” खोटं नव्हता बोलत तो. बिल त्यांच्याकडेच आहे. पण गाडी वेळेवर नेणं, ठरलेल्या ठिकाणीच नेणं, नेल्याचा कागद सांभाळणं हे सगळं तुमच्याकडे, आणि यातलं एक जरी चुकलं तर बिल पण तुमच्याच गळ्यात. करारात हे लिहिलेलं असतं, पण पंचवीस पानांचं इंग्रजी, ओटीपी टाकला की सही झाली, वाचतंय कोण. माझ्या भावाच्या वेळी मी स्वतः नव्हतं वाचलं, नि माझा धंदाच कागदांचा.

तर आधी बघा तुमचं लीज कुठलं. सर्व्हिसिंग, इन्शुरन्स महिन्याच्या भाड्यात धरलेलं असेल तर त्याला या धंद्यात वेट लीज म्हणतात, नुसतं गाडीचं भाडं असेल तर ड्राय. ड्रायमध्ये ऑईलपासून वायपरपर्यंत खर्च तुमचा, तरी सर्व्हिसचं रेकॉर्ड त्यांना पूर्ण लागतं, कारण गाडी शेवटी त्यांच्याकडेच जाणार. कोटेशनवर हा शब्द बऱ्याचदा नसतोच, भाडं कमी दिसलं की माणूस खूश. ईमेल करून विचारा, फोनवर नको, फोनचं काही राहत नाही.

कागद साधारण सगळीकडे तेच. पगारदाराला तीन महिन्यांच्या स्लिपा, फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. धंदेवाल्याला दोन वर्षांचे रिटर्न आणि जीएसटी किंवा उद्यम नोंदणी. वर पॅन, आधार, लायसन्स. सिबिल बघतातच. आणि अर्ज करायच्या आधी तुमचा पिनकोड त्यांच्या यादीत आहे का विचारा, कारण बऱ्याच योजना मोठ्या शहरांपुरत्याच असतात, ५९० आणि ५९१ नं सुरू होणाऱ्या आपल्या पिनकोडवाल्यांना सगळं भरून झाल्यावर कळतं की आपलं गावच नाही यादीत.

अडतं ते पत्त्यावर. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदात बेळगावचं बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या लायसन्सवर एक नाव, आधारवर दुसरं. आपल्याला हसू येतं, पण तिकडं लांब कुठंतरी बसून कागद तपासणाऱ्या पोराला ही दोन वेगळी गावं वाटतात, तो ‘पत्ता जुळत नाही’ असा शेरा मारून मोकळा. लायसन्सवरचा पत्ता आधी बदलून घ्या, ते एक काम केलं की निम्मा त्रास जातो. दुसरं लाईट बिल. शहापूर-वडगावातल्या निम्म्या घरांची बिलं अजून आजोबांच्या नावावर आहेत, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, घराच्या वाटण्या व्हायच्यात, नाव कोण बदलणार. अशा वेळी ते बिल, सोबत घरातल्या मोठ्या माणसाचं ना हरकत पत्र आणि नातं दाखवणारा एखादा कागद असं एकत्र जोडून एकाच फाईलमध्ये पाठवा, सुटं सुटं पाठवलं की सुटं सुटं नाकारतात. आणि चंदगडकडची पोरं, आधार तिकडचं, नोकरी उद्यमबागेत, खोली मच्छे-पिरनवाडीला, त्यांनी ई-स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा भाडेकरार करायचा आणि तो इंग्रजीतच करून मागायचा. टायपिंगवाला सवयीनं कन्नडमध्ये काढतो. कायद्यानं तो पण चालतो, पण कंपनीत वाचायला कुणी नसतं आणि मग भाषांतर करून नोटरी करा म्हणून आठ दिवस जातात.

आता आपल्या भागातली खरी मेख, पासिंग, म्हणजे गाडीची आरटीओ नोंदणी. स्टॉक पुण्यात आहे, एमएच पासिंगची गाडी लगेच देतो, असं सांगितलं तर लगेच हो म्हणू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवीन नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८, मग इकडं नवीन नंबरचा अर्ज, म्हणजे नमुना २७, आणि कर्नाटकचा टॅक्स. जुन्या राज्याचा उरलेला टॅक्स परत मागता येतो, पण या सगळ्या अर्जांवर सही आरसीवरच्या मालकाची. आरसी लीज कंपनीच्या नावावर असेल तर तुम्ही आरटीओच्या दारात दिवसभर उभे राहिलात तरी काही होत नाही. म्हणून गाडी बेळगावच्या, केए २२ पासिंगचीच मागा, निपाणी-चिकोडीकडच्यांनी केए २३. नाहीच मिळाली तर नंबर बदलायचा खर्च आणि धावपळ कुणाची हे लेखी घ्या. आणि नाव त्यांचं म्हणून जबाबदारी त्यांची असं पण समजू नका, त्याच कायद्याच्या कलम २ मधल्या व्याख्येत लीजची गाडी ज्याच्या ताब्यात तोच मालक धरलाय. पीयूसी तुम्हीच काढायची. नवीन गाडीला पहिलं वर्ष लागत नाही, मग दर वर्षी लागते, आणि नसली तर दंड १०,००० पर्यंत जाऊ शकतो. ऑनलाईन चलन आधी कंपनीकडे जातं आणि त्यांचा हाताळणी खर्च चढवून तुमच्याकडे येतं.

सर्व्हिसिंगकडे येतो, सगळ्यात जास्त क्लेम इथंच मरतात.

“१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते.” मॅन्युअलमध्ये, करारात, सगळीकडे असतं हे, आणि मी बघितलेल्या लोकांत अर्ध्याहून जास्त जणांनी ते उलटं वाचलंय. खानापूरचे एक रिटायर्ड गुरुजी, गाडी लीजवर घेतली ती मुलीच्या हट्टानं, चालवायची किती तर बाजार, देऊळ आणि महिन्यातून एकदा बेळगाव. चौदा महिन्यांत ६,२०० किलोमीटर. गुरुजींचा हिशोब सरळ, दहा हजार व्हायला अजून वेळ आहे, उगीच ऑईल कशाला बदलायचं, कंपनीचे पैसे वाचवतोय आपण. मग इंजिनचं काम निघालं, ३८ हजारांचं एस्टिमेट, आणि क्लेमवर उत्तर एका ओळीचं, सर्व्हिस शेड्यूल पाळलेलं नाही. गुरुजी माझ्यापुढं मॅन्युअल उघडून बसले आणि ‘जे आधी होईल ते’ या शब्दांवर बोट ठेवून बराच वेळ गप्प. आयुष्यभर पोरांना प्रश्न नीट वाचा म्हणून सांगणारा माणूस. पैसे भरावेच लागले.

वर्ष मोजायचं ते पण गाडी हातात आली त्या दिवसापासून की इनव्हॉइसच्या तारखेपासून, यात पंधरा-वीस दिवसांचा फरक पडतो. करारात काय आहे ते बघा, आणि समजत नसेल तर आधीची तारीख धरा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तारीख येत असेल तर महिनाभर आधी नंबर लावा, तेव्हा सर्व्हिस सेंटरवर सगळं बेळगाव आणि अर्धं गोवा असतं, आणि अपॉइंटमेंट मिळाली नाही हे कारण कंपनी ऐकत नाही.

कुठं न्यायची, तर करारात लिहिलेल्या अधिकृत सेंटरलाच. मला माहीत आहे की उद्यमबागेतला तुमचा मिस्त्री त्या सेंटरमधल्या पोरांपेक्षा चांगला आहे. माझा पण आहे. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं सुटे पार्ट आणि बाहेरच्या गॅरेजच्या अडवणुकीवरून १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता, पुढं ते अपिलात गेलं, पण लोक तेवढी बातमी धरून येतात आणि म्हणतात बाहेर काम केलं तरी वॉरंटी जात नाही. वॉरंटीचं भांडण वेगळं, लीजचा करार वेगळा. करारात तुम्ही स्वतः कबूल केलंय की बाहेर नेणार नाही. एकदा बाहेर ऑईल बदललं, कच्च्या पावतीवर, की रेकॉर्डमध्ये भोक पडलं.

आणि तो कागद, जो कुणाकडेच नसतो: जॉब कार्ड, गाडी आत घेताना सेंटरवाले भरतात ते. बिल सगळे ठेवतात, जॉब कार्डची कॉपी कुणी मागत नाही. क्लेमला मात्र तेच लागतं, कारण गाडी आत कधी गेली, तेव्हा रीडिंग किती होतं, तुम्ही काय तक्रार सांगितली हे त्याच्यावर असतं. सही करायच्या आधी मीटरकडे बघा आणि कार्डकडे बघा. एका पोराच्या कार्डवर सेंटरच्या ॲडव्हायझरनं २४,३१० च्या जागी ४२,३१० टाकलं होतं, याच्या लक्षात आलं नाही. सिस्टीमनं मधली सर्व्हिस चुकवली असं धरलं आणि पुढचे तीन महिने तो सेंटर आणि लीज कंपनी यांच्यात ईमेल ढकलत बसला. मीटरचा फोटो काढायला दोन सेकंद लागतात. बिल पण लीज कंपनीच्या नावानं, त्यांच्या जीएसटी नंबरवर झालं पाहिजे, तुमच्या नावानं झालं की पैसे तुमचे. आणि ठरलेल्या रकमेच्या वरचं काम असेल तर आधी मंजुरी, मग स्पॅनर. “आत्ता करून टाकूया, नंतर मंजूर होतंय की” असं ॲडव्हायझर म्हणतो, त्याचं काय जातंय.

‘मेंटेनन्स’मध्ये काय येत नाही ते पण बघा. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच यांना बहुतेक करारांत मर्यादा असते, अमुक टायर, अमुक किलोमीटरनंतर. जांबोटीवरून चोर्ला घाट उतरून दर आठवड्याला गोव्याला जाणाऱ्याचे पॅड लवकर जाणारच, ते निष्काळजीपणात टाकतात आणि मग वाद. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानंच बाद, त्याच्या आधी मागणी घाला. उंदरानं कुरतडलेली वायर मेंटेनन्समध्ये येत नाही. उसाच्या रानालगत गाडी लावणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं, एका पोराच्या बॉनेटमध्ये मी स्वतः अर्धवट खाल्लेली कणसं बघितलीत, वायरच्या चिंध्यांवर नीट रचून ठेवलेली. त्याचा खर्च मिळालाच तर इन्शुरन्समधून मिळेल, तुमच्या पॉलिसीत असेल तर. पावसाळ्याचं पण तसंच. पाण्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही परत स्टार्टर मारलात तर इंजिनात पाणी ओढलं जातं, साध्या पॉलिसीत ते नाकारतात, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. वेट लीजमध्ये पॉलिसी कंपनीच काढते म्हणून आपण बघत नाही. मागून घ्या कॉपी. आणि बंद पडली तर ढकला, किल्लीला हात लावू नका.

किलोमीटरचा हिशोब घरी करून मगच प्लॅन निवडा. बेळगाव-पुणे जाऊन-येऊन साधारण ६८०. महिन्यातून दोनदा पोराला भेटायला गेलात तर वर्षाला १६,००० च्या वर तिथंच गेले, आणि तुम्ही घेतलाय १५,००० चा प्लॅन. वरच्या प्रत्येक किलोमीटरला पैसे, वर सर्व्हिस पण वर्षाच्या आधीच येणार.

परत द्यायच्या वेळी तपासणीला येणारा माणूस वाईट नसतो, पण त्याच्याकडे छापील फॉर्म असतो. घेताना गाडीचे चारी बाजूंनी, चाकांचे, सीटचे तारखेसह फोटो काढून ठेवलेले नसतील तर प्रत्येक ओरखडा तुमचा. द्यायच्या महिनाभर आधी गाडी स्वच्छ धुऊन स्वतः बघा, लाल मातीखाली काय काय झाकलेलं असतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं घासलेलं दार इन्शुरन्समधून आधीच करून घेतलं तर स्वस्त पडतं, तपासणीत निघालं तर त्यांच्या दरानं. सर्व्हिसची बिलं, जॉब कार्डं, पीयूसी, पॉलिसी एका फाईलमध्ये लावा. आणि दुसरी किल्ली आत्ताच शोधा. डिलिव्हरीच्या दिवशी पूजा करून ती देवघरात ठेवलेली असते, नंतर कुणी हलवलेली असते, आणि डिपॉझिटमधून तिचे पैसे कापल्यावर सगळं घर तिला शोधत बसतं.